वाचकांचे प्रश्न : घरचं एग सॅलड सँडविच

उकडलेली अंडी चिरायची, मेयोनीजमध्ये कालवायची, मोहरी-मिरपूड घालायची आणि गार सारण मऊ ब्रेडमध्ये भरायचं, एवढाच हा पदार्थ. अमेरिकेत त्यात सेलरी असते, इंग्लंडमध्ये सेलरी नसते पण वर कोवळा हिरवा पाला असतो. जिन्नस मोजकेच असल्यामुळे यात चूक झाकायला जागा राहत नाही. आलेल्या पत्रांवरून दिसतं की बहुतेकांचं सँडविच दोन ठिकाणी बिघडतं, अंडी उकडताना आणि सारणाला पाणी सुटल्यावर. म्हणून त्या प्रश्नांची उत्तरं सविस्तर दिली आहेत.

तीन जणांसाठी नेमकं प्रमाण सांगाल का? अंदाजे केलं की कधी कोरडं होतं, कधी नुसतंच मेयोनीज लागतं. (पुणे)

चार अंडी घ्या, टरफलासकट प्रत्येकी ५० ते ५५ ग्रॅमची. सोलल्यावर ती साधारण १९० ग्रॅम भरतात. त्यांना मेयोनीज ४५ ग्रॅम, म्हणजे सपाट तीन मोठे चमचे; तयार मस्टर्ड सॉस एक छोटा चमचा; लिंबाचा रस एक छोटा चमचा; मीठ पाव छोटा चमचा आणि ताजी कुटलेली मिरपूड तेवढीच. शिवाय बारीक चिरलेली सेलरी दोन मोठे चमचे आणि कांद्याची हिरवी पात एक मोठा चमचा. मोठा चमचा १५ मिलीचा, छोटा ५ मिलीचा. एवढ्यात तीन सँडविचं भरगच्च होतात.

कालवण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. सगळं एका वाडग्यात टाकून कुस्करलं की पांढऱ्याचा चुरा होतो आणि बलकाच्या कोरड्या गुठळ्या तशाच राहतात. त्यापेक्षा गार अंडी सोलून उभी अर्धी करा आणि बलक वेगळे काढा. बलक काट्याने मोडून त्यात मेयोनीज, मस्टर्ड, लिंबू, मीठ आणि मिरपूड घाला आणि गुठळी राहणार नाही असं घोटा. बलक मेयोनीज शोषून घेतो, त्यामुळे कमी मेयोनीजमध्येही सारण मऊ लागतं. पांढऱ्याचे सुरीने अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे करून ते या मिश्रणात हलक्या हाताने मिसळा. किसणी मात्र वापरू नका. किसलेलं पांढरं ओलसर होतं, त्याचा लगदा बनतो आणि चावायला काही उरत नाही.

मेयोनीज पुरेसं झालं का, हे बघायचं असेल तर चमचाभर सारण घेऊन चमचा उलटा करा. सारण क्षणभर चिकटून राहून एकसंध पडलं तर बरोबर. लगेच घसरलं तर मेयोनीज जास्त झालं, आणि तुकडे सुटे-सुटे पडले तर आणखी अर्धा चमचा घाला. मग झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि वाढण्याआधी पुन्हा चव बघा. गार पदार्थात मीठ कमी जाणवतं, म्हणून शेवटची चिमूट तेव्हाच घालायची.

गावठी अंडी सोलताना टरफलाबरोबर निम्मं पांढरं निघून जातं. पाण्यात मीठ घालून पाहिलं, उपयोग झाला नाही. (सांगली)

अंडी फार ताजी असणार. नुकत्याच घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. टरफलाच्या सूक्ष्म छिद्रांतून तो हळूहळू बाहेर पडतो आणि पांढरं अधिक अल्कधर्मी होत जातं. ताज्या अंड्यात पांढरं आतल्या पापुद्र्याला घट्ट चिकटतं, जुन्यात ही पकड सैल होते. तेव्हा गावठी अंडी आणल्यावर आठवडाभर फ्रिजमध्ये राहू द्या आणि मग उकडा. आमलेटला ताजं अंडं उत्तम, पण उकडायला आठ-दहा दिवसांचं बरं.

दुसरं कारण गार पाण्यापासून सुरुवात करणं. पाणी हळूहळू तापतं तसं पांढरं पापुद्र्याला धरून शिजतं. थेट उकळत्या पाण्यात सोडलेल्या अंड्याचा बाहेरचा थर पटकन आवळून येतो आणि पापुद्र्यापासून सुटा राहतो. मिठाने सोलण्यात फरक पडत नाही. एखादं अंडं तडकलंच तर मीठ किंवा चमचाभर व्हिनेगर बाहेर आलेलं पांढरं लवकर गोठवतं, तेवढाच त्याचा उपयोग.

असं करून पाहा. अंडी बुडून वर दोन बोटं राहील इतकं पाणी पातेल्यात खळखळून उकळा. फ्रिजमधली अंडी झाऱ्यावर घेऊन एकेक करून अलगद तळाशी सोडा. वरून टाकली तर तडकतात. आच मध्यमपेक्षा जरा कमी करा, म्हणजे अंडी एकमेकांवर आपटणार नाहीत. झाकण ठेवून ११ मिनिटं मोजा. तोवर मोठ्या भांड्यात बर्फाचं पाणी तयार ठेवा. वेळ झाल्याबरोबर अंडी त्यात टाका आणि पंधरा मिनिटं काढू नका. सोलताना आधी रुंद टोक टिचवा, कारण हवेची पोकळी तिथे असते आणि बोट पापुद्र्याच्या खाली सहज शिरतं. मग अंडं ओट्यावर हलकेच फिरवून सगळीकडे तडे पाडा आणि पाण्यातच सोला.

महाबळेश्वर-पाचगणीसारख्या उंचावर पाणी १०० अंशांच्या चार-पाच अंश आधीच उकळतं. तिथे दीड-दोन मिनिटं जास्त द्या.

बलकाभोवती हिरवट-करडी कड येते आणि सारणाला वास मारतो. मी कुकरला दोन शिट्ट्या करते. (ठाणे)

शिट्ट्या करणं सोडा. अंडं जास्त वेळ तापलं की पांढऱ्यातल्या गंधकयुक्त प्रथिनांपासून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. बलकाच्या कडेला त्याची बलकातल्या लोहाशी गाठ पडते आणि लोहाच्या सल्फाइडचा तो हिरवट थर बनतो. खायला त्यात अपाय नाही, पण वास आणि कोरडा, भुसभुशीत बलक हे दोन्ही या सँडविचला मारक आहेत. असा बलक मेयोनीज कितीही पिऊन कोरडाच राहतो.

कुकरमधलं तापमान १०० अंशांच्या बरंच वर जातं आणि वाफ जिरेपर्यंत अंडी आत शिजतच राहतात, त्यामुळे वेळ आपल्या हातात राहत नाही. कुकरच वापरायचा असेल तर शिट्टी काढून ठेवा, तळाशी दोन कप पाणी उकळा, जाळीवर अंडी ठेवून १२ मिनिटं नुसत्या वाफेवर उकडा. वाफेवरची अंडी सोलायलाही सोपी जातात. आणि बर्फाचं पाणी फक्त सोलण्यासाठी नसतं, आतलं शिजणं तिथल्या तिथे थांबवायलाही तेच लागतं. नळाच्या कोमट पाण्यात ठेवलेलं अंडं आतून शिजत राहतं.

पांढरं घट्ट, बलक पूर्ण बसलेला पण मधोमध किंचित गडद आणि ओलसर, अशी अवस्था या सारणाला सगळ्यात चांगली.

सारण करताना घट्ट असतं, तासाभरात खाली पाणी साचतं आणि ब्रेड ओला होतो. (नागपूर)

चार ठिकाणांहून पाणी येऊ शकतं, क्रमाने तपासा.

पहिलं म्हणजे सोललेली अंडी. पाण्यात सोलल्यावर ती स्वच्छ कोरड्या फडक्यावर ठेवून नीट टिपा आणि मगच कापा. हे अर्ध्या मिनिटाचं काम बहुतेक जण गाळतात.

दुसरं, कोमट अंडी. गरम अंड्यात मेयोनीज घातलं की ते पातळ होतं आणि त्यातलं तेल सुटू लागतं. सुटलेलं मेयोनीज फ्रिजमध्ये ठेवल्याने पुन्हा जुळत नाही. अंडं मधून कापल्यावर बलकाला बोट लावून पाहा. गार लागला पाहिजे.

तिसरं, भाज्या. काकडी, कांदा, टोमॅटो यांना मीठ लागलं की पाणी सुटणारच. काकडी हवीच असेल तर बियांचा भाग काढून बारीक चिरा, चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि कोशिंबिरीला पिळतो तशी घट्ट पिळून घ्या. टोमॅटो सारणात घालूच नका. आवडत असेल तर चकत्या वेगळ्या ठेवा आणि खाताना लावा.

चौथं, दही. मेयोनीजऐवजी साधं दही घातलं की पाणी ठरलेलं. चक्का चालतो, दही नाही.

आता ब्रेड. दोन्ही स्लाइसना आतल्या बाजूने लोणी लावायचं, प्रत्येकी एक छोटा चमचा, आणि कडेपर्यंत लावायचं. लोणी मऊ असावं, वितळलेलं नसावं. स्निग्ध थरामुळे ओल ब्रेडमध्ये शिरत नाही. मेयोनीज आहे म्हणून लोणी वगळणाऱ्यांचाच ब्रेड बहुधा ओला होतो, कारण मेयोनीजमध्येही पाणी असतं. नुकताच भट्टीतून आलेला ब्रेड सुरीखाली दबून चिकट होतो, म्हणून आदल्या दिवशीचा मऊ पांढरा सँडविच ब्रेड बरा.

भरल्यावर सँडविच ओल्या, पिळलेल्या फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. मग दातेरी सुरीने, दाब न देता, करवतीसारखं मागेपुढे करत कापा. प्रत्येक कापानंतर सुरी पुसली तर कडा स्वच्छ येतात.

आमच्याकडे मिळणारं मेयोनीज फार गोड असतं. (छत्रपती संभाजीनगर)

आपल्याकडे बहुतेक दुकानांत बिनअंड्याचं मेयोनीजच पुढे मांडलेलं असतं. त्यात अंड्याऐवजी दुधाची किंवा सोयाबीनची प्रथिनं आणि स्टार्च घालून घट्टपणा आणतात, आणि साखरही बरीच असते. बाटली फिरवून घटकांची यादी वाचा. जिन्नस प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, त्यामुळे साखर कितव्या जागी आहे ते लगेच कळतं. अंड्याचं मेयोनीज हवं असेल तर तपकिरी चौकटीतल्या तपकिरी त्रिकोणाचं मांसाहारी चिन्ह बघून घ्या. या सँडविचला तेच शोभतं.

गोड बाटली घरात आलीच असेल तर निम्मं मेयोनीज आणि निम्मा चक्का घ्या, मस्टर्ड दीडपट करा आणि लिंबाचे चार थेंब जास्त घाला. चक्क्याला थोडा आंबटपणा असावा, श्रीखंडासाठी घेतो तसा गोडसर नको.

मेयोनीज घरीच करायचं आहे. कच्चं अंडं चालेल का? शेजारच्या राज्यात त्यावर बंदी आल्याचं वाचलं. (देगलूर, जि. नांदेड)

बरोबर वाचलंत. तेलंगणाने ३० ऑक्टोबर २०२४ पासून वर्षभरासाठी कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली होती, आणि एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूनेही तसाच आदेश काढला. भीती साल्मोनेला या जिवाणूची. तो टरफलावर असतो तसाच कधीकधी अंड्याच्या आतही असतो, त्यामुळे अंडं धुऊन घेतल्याने प्रश्न सुटत नाही. कारखान्यातल्या मेयोनीजसाठी पाश्चराइज केलेलं अंडं वापरता येतं, घरी ती सोय नसते. लहान मुलं, गरोदर स्त्रिया, म्हातारी माणसं घरात असतील तर कच्च्या अंड्याचं मेयोनीज करू नये, असंच आमचं स्पष्ट मत आहे.

पण घरचं हवं असेल तर शिजलेल्या बलकाचं करता येतं. फ्रेंच स्वयंपाकात ग्रिबिश नावाचा सॉस याच तत्त्वावर बनतो. उकडलेल्या अंड्यांचे दोन बलक, मस्टर्ड एक छोटा चमचा, लिंबाचा रस दोन छोटे चमचे, पाव छोटा चमचा मीठ आणि एक मोठा चमचा चक्का मिक्सरच्या लहान भांड्यात फिरवून गुळगुळीत करा. मग ६० मिली सूर्यफुलाचं तेल थोडं-थोडं घाला. आधी चमचा-चमचा, प्रत्येक वेळी फिरवून, आणि दाटपणा आला की बारीक धारेने. शेंगदाण्याचं घाण्याचं तेल नको, त्याचा वास अंड्यावर चढतो. मिश्रण फाटल्यासारखं दिसलं तर चमचाभर बर्फाचं पाणी घालून पुन्हा फिरवा. हा सॉस कच्च्या अंड्याच्या मेयोनीजइतका टिकाऊ जुळत नाही, म्हणून लागेल तेवढाच करा आणि त्याच दिवशी संपवा.

सेलरी गावात मिळत नाही आणि मस्टर्ड सॉसची बाटली एका सँडविचसाठी आणवत नाही. (कोल्हापूर)

सेलरीचं काम कुरकुरीतपणा देणं. ते नवलकोल छान करतो. जाड साल काढून तीन मिलिमीटरचे तुकडे करा. काकडीपेक्षा पाणी कमी सुटतं आणि तासाभरानेही तो दाताखाली कुरकुरीत राहतो. सेलरीचा वास मात्र येणार नाही. त्यासाठी ओवा वगैरे घालायला जाऊ नका, ओवा अंड्याला दाबून टाकतो.

मोहरीचा प्रश्न तर आपल्या स्वयंपाकघरात कधीचाच सुटलेला आहे. मोहरी फेसून घ्या. एक छोटा चमचा मोहरीची ताजी पूड आणि दोन छोटे चमचे गार पाणी घेऊन, वास नाकात चढेपर्यंत फेसा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. इथे एक गोष्ट पाळा. लिंबू सुरुवातीला घालू नका. मोहरीचा झणका पाणी लागल्यावर, तिच्यातल्याच एका विकरामुळे (एन्झाइममुळे) तयार होतो. गरम पाण्याने तो विकर मरतो आणि आंबटाने त्याचं काम मंदावतं. झणका पूर्ण आला की मग लिंबू घालावं. चार अंड्यांना यातला पाव ते अर्धा छोटा चमचा पुरतो. तयार मस्टर्डच्या मापाने घातलात तर डोळ्यांतून पाणी येईल. चव कडवट वाटली तर चिमूटभर साखर चालते.

इंग्लंडला मुलीकडे असताना तिथल्या एग सँडविचमध्ये बारीक हिरवी रोपं होती, तिखटसर लागणारी. इथे काय वापरावं? (डोंबिवली)

तिथे त्याला क्रेस म्हणतात, आणि ते आपले हळीव. बाळंतिणीला ज्याचे लाडू देतात तेच बी रुजवून आलेली ही रोपं. आपण बी खातो आणि पाल्याकडे लक्ष देत नाही, पण पाला मोहरीसारखा चरचरीत असतो. अंड्याच्या स्निग्ध चवीला त्याच्याइतकं साजेसं दुसरं काही नाही. किराणा दुकानातले हळीव चालतात, फक्त भाजलेले नकोत.

हळीव आधी भिजवू नका. भिजले की प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत गर धरतो आणि सगळे एकमेकांना चिकटून गोळा होतात. पसरट ताटलीत कापसाचा पातळ थर किंवा दुहेरी फडकं अंथरा, पाण्याने ओलं करा आणि वर दोन छोटे चमचे कोरडे हळीव एकेरी थरात भुरभुरा. शिंतोडे मारून दुसरी ताटली पालथी झाका. दुसऱ्या दिवसापासून मोड दिसू लागतात. रोपं सेंटिमीटरभर झाली की झाकण काढून खिडकीशी उजेडात ठेवा. थेट कडक ऊन नको. दिवसातून दोनदा शिंतोडे पुरेत. ताटलीत पाणी साचलं तर बुरशी येते आणि कुबट वास सुटतो, तसं झालं तर सगळं टाकून द्या. साधारण आठवड्यात रोपं बोटाच्या दोन पेरांएवढी होतात आणि त्यांना गडद हिरवी, तीन भागांत चिरलेली पानं येतात. तेव्हाच कात्रीने बुडापासून वर कापा. नंतर देठ चिवट होतो.

कापलेली रोपं चाळणीत धुऊन, बियांची टरफलं झटकून, फडक्यावर कोरडी करा. ती सारणात कालवू नका, मेयोनीजमध्ये लगेच मलूल होतात. ब्रेडला लोणी, त्यावर सारण, त्यावर चिमूट-दोन चिमटी हळिवाचा पाला आणि वर दुसरी स्लाइस. या प्रकारात सेलरी, कांदा, मोहरी काहीच लागत नाही. मीठ, मिरपूड आणि मेयोनीज एवढंच.

सकाळी आठला डबा भरला तर दुपारी एकला सँडविच खाता येईल? (मुंबई)

गार राहिलं तर येईल, एरवी नाही. शिजवलेलं अंडं फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. लोक मेयोनीजला दोष देतात, पण बाटलीतलं मेयोनीज आंबट असल्यामुळे त्यात जिवाणू सहसा वाढत नाहीत. अंड्यांत मिसळल्यावर तो आंबटपणा विरळ होतो, आणि सोलताना-चिरताना हात, सुरी, पाट यांवरून जिवाणू आत जातात. म्हणून सोललेलं अंडं ज्यावर चिरायचं तो पाट आधी साबणाने धुतलेला असावा.

ऑफिसात फ्रिज असेल तर सारण घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डबीत न्या, ब्रेड वेगळा न्या आणि जेवताना भरा. फ्रिज नसेल तर उष्णतारोधक पिशवीत बर्फाच्या दोन पिशव्या, एक खाली आणि एक वर, मध्ये आदल्या रात्रीपासून गार केलेली डबी. शाळेच्या डब्यात, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, हे सँडविच देऊ नका.

घरच्या फ्रिजमध्ये बाटलीतल्या मेयोनीजचं सारण ४ अंशांवर तीन दिवस चांगलं राहतं. फ्रीजरमध्ये ठेवू नका. पांढरं रबरासारखं होतं आणि मेयोनीज फाटतं.

ग्रिल केलं तर? (नाशिक)

सँडविच भरून ग्रिल केलं की मेयोनीजमधलं तेल सुटून ब्रेडमधून बाहेर येतं आणि आतलं अंडं कोमट, तेलकट लागतं. कुरकुरीत हवं असेल तर नुसता ब्रेड तव्यावर एका बाजूने भाजा, जाळीवर पूर्ण गार होऊ द्या आणि भाजलेली बाजू आत ठेवून गार सारण भरा. ती बाजू ओलही उशिरा धरते.

घरात काही जण अंडं खात नाहीत. त्यांच्यासाठी? (सातारा)

२०० ग्रॅम घट्ट टोफू फडक्यात गुंडाळून, वर वजन ठेवून अर्धा तास निथळा. निम्म्याचे तुकडे करा आणि निम्मा चिमूटभर हळदीबरोबर कुस्करा. बिनअंड्याचं मेयोनीज तीन मोठे चमचे, फेसलेली मोहरी आणि साध्या मिठाऐवजी पाव छोटा चमचा पादेलोण घाला. पादेलोणात गंधकाचा वास असतो, त्यामुळे अंड्याची आठवण येते. तो वास शिजवल्यावर कमी होतो, म्हणून अगदी शेवटी घाला. टोफू न मिळाल्यास पनीर चालेल, पण पनीर स्वतःच दुधाळ असल्याने मेयोनीज एक चमचा कमी करा आणि लिंबू वाढवा.